वाल्व बदलण्याआधी नळी पाहा

लग्नसराईचा माल आणण्याच्या दिवसांत गाडी गॅरेजला अडकली की काय होते, ते बोदवडच्या कापड व्यापाऱ्यांना सांगायला नको. डिझेल गाडीच्या डॅशबोर्डवर इंजिनचा पिवळा दिवा लागतो, मिस्त्री स्कॅनर जोडतो, "पी ०४०१" असा कोड येतो आणि लगेच निदान होते, ईजीआर वाल्व बदला. खर्च हजारोंत. थानाचे एक टोक पाहून अख्खी गाठ नापास करावी, तसाच हा प्रकार आम्हाला वाटतो.

ईजीआर म्हणजे इंजिनातून निघालेल्या धुराचा काही भाग पुन्हा आत सोडण्याची व्यवस्था. या धुरात ऑक्सिजन कमी असतो, त्यामुळे जळणाची उष्णता उतरते व नायट्रोजन ऑक्साइड हे विषारी वायू कमी बनतात. धूर हवा तेवढा परत येत नाही, एवढेच हा कोड सांगतो. का येत नाही, ते मिस्त्रीने शोधायचे असते.

बाजारात हळूहळू, थांबत थांबत चालणाऱ्या गाडीत काजळी लवकर धरते. नळीत, कूलरमध्ये, वाल्वच्या तोंडाशी चिकट थर बसतो. इलेक्ट्रिक वाल्व असेल तर इंजिन सुरू ठेवून स्कॅनरवरून तो उघडायला लावावा. धूर आत आला की ताज्या हवेचा आकडा खाली यायला हवा. वाल्व उघडतो पण आकडा हलत नाही, तर बहुधा वाट तुंबली आहे किंवा हवेचा सेन्सर मळला आहे. वाल्वच हलत नसेल तर आधी वायर व कनेक्टर पाहावे. व्हॅक्यूमवर चालणाऱ्या वाल्वला हातपंप लावावा. काटा टिकला नाही तर आतला पडदा फाटला. रबरी नळीला चीर गेलेली असेल, तर काम फारच थोडक्यात भागते. काजळी साफ करायची ती इंजिन थंड झाल्यावरच.

काही ठिकाणी वाल्वपुढे पत्र्याची चकती बसवून रस्ताच बंद करतात. डिझेल गाडीच्या पीयूसीत फक्त धुराचा काळेपणा मोजतात, म्हणून अशी गाडी पासही होते. पण विषारी वायू वाढतोच. फोक्सवॅगनच्या डिझेल इंजिनात हेच काम सॉफ्टवेअर करीत होते. चाचणीत ईजीआर पुरेसा, रस्त्यावर कमी. पुण्याच्या एआरएआयच्या तपासणीनंतर डिसेंबर २०१५ मध्ये कंपनीने भारतातील सुमारे ३ लाख २३ हजार गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावल्या.