नाळ केव्हा बांधावी?

वार्षिक अहवालाच्या जमाखर्चाच्या पानांआधी एखाद्या वैद्यकीय विषयाची माहिती आमचे देणगीदार, विश्वस्त आणि रुग्णांचे नातेवाईक यांच्यासाठी सोप्या शब्दांत द्यावी, अशी आमची इच्छा असते. यंदाचा विषय प्रसूतिगृहाच्या दाराबाहेर थांबणाऱ्या आज्यांनीच सुचविला, असे म्हणावयास हरकत नाही. बाळ रडल्याचा आवाज तर आला, मग नाळ कापायला इतका वेळ का, असे त्या परिचारिकांना हमखास विचारतात. प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर दोन-तीन मिनिटांच्या अवधीत दडलेले आहे, आणि त्या अवधीत घेतलेला निर्णय बाळाला पुढे कित्येक महिने पुरतो.

गर्भाशयात असताना बाळ फुप्फुसांनी श्वास घेत नाही. त्याला लागणारा प्राणवायू आणि पोषणद्रव्ये वारेतून नाळेवाटे येतात. नाळेत तीन रक्तवाहिन्या असतात. दोन रोहिण्या बाळाचे रक्त वारेकडे नेतात आणि एक नीला ते शुद्ध झाल्यावर परत आणते. पूर्ण दिवसांचे बाळ जन्मते त्या क्षणी त्याच्या एकूण रक्तापैकी साधारण एक तृतीयांश रक्त वारेत असते. हे रक्त आईचे नव्हे, बाळाचेच. पुष्कळांना ही गोष्ट ठाऊक नसते, आणि सारा प्रश्न तर तिच्याभोवतीच फिरतो.

जन्मानंतर हा प्रवाह एकदम थांबत नाही. रोहिण्या आधी आकसतात, नीला काही वेळ उघडी राहते, आणि वारेतील रक्त बाळाकडे येत राहते. पहिल्या मिनिटात सुमारे ८० मिलिलिटर, तर तीन मिनिटांपर्यंत सुमारे १०० मिलिलिटर रक्त असे येते. प्रौढ माणसाच्या दृष्टीने हे चहाच्या एका लहान कपाइतके. पण तीन किलो वजनाच्या बाळाच्या अंगात सारे मिळून रक्त पाव लिटरच्या आसपासच असते, हे ध्यानात घेतले म्हणजे त्याचे मोल कळते. या रक्तातून बाळाला ५० मिलिग्रॅमच्या आसपास लोह मिळते. मातेच्या दुधातील लोह चांगले पचते, पण ते प्रमाणाने फार थोडे असते. म्हणून पहिले सहा महिने बाळ मुख्यतः जन्मतः मिळालेल्या साठ्यावरच वाढते.

आपल्या देशात हा साठा किती मोलाचा आहे, हे वेगळे सांगावयास नको. २०१९ ते २०२१ या काळातील पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या बालकांपैकी ६७.१ टक्के, आणि गर्भवतींपैकी ५२.२ टक्के रक्तक्षयग्रस्त आढळल्या. केंद्र शासनाच्या २०१८ सालच्या 'ॲनिमिया मुक्त भारत' कार्यक्रमात नाळ उशिरा बांधण्याचा समावेश झाला तो याच कारणाने.

ही कल्पना नवी मुळीच नाही. वार पडल्याशिवाय नाळ कापावयाची नाही, अशी पुष्कळ सुइणींची रीत होती. (त्याच सुइणीच्या हातातील विळ्याने किंवा जुन्या पात्याने कित्येक अर्भकांना धनुर्वात झाला, हेही विसरता येत नाही. जुन्याचे गुणगान करताना तेवढे भान ठेवावे.) इंग्लंडमधील वैद्य इरॅस्मस डार्विन, म्हणजे उत्क्रांतिवादाचे जनक चार्ल्स डार्विन यांचे आजोबा, यांनी १८०१ मध्येच घाईने नाळ बांधणे बाळाला घातक ठरते असा इशारा दिला होता.

मग रुग्णालयांत घाईने नाळ बांधण्याची पद्धत रूढ कशी झाली? त्यामागे मातेची काळजी होती. प्रसूतीनंतरचा अतिरक्तस्राव हा बाळंतिणीचा मोठा शत्रू. तो रोखण्यासाठी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तीन गोष्टी एकत्र करण्याची पद्धत आली : गर्भाशय आकुंचन पावावे म्हणून इंजेक्शन, लगेच नाळेला चिमटा, आणि नाळ हलकेच ओढून वार काढणे. या पद्धतीने असंख्य मातांचे प्राण वाचविले. तिघींपैकी नेमकी कोणती गोष्ट उपयोगी पडते, याचा शोध पुढे सावकाश लागला. श्रेय इंजेक्शनचे होते. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका व्यापक आढाव्यात १५ चाचण्यांतील ३,९११ मातांची माहिती एकत्र तपासली गेली, तेव्हा नाळ उशिरा बांधल्याने मातेचा रक्तस्राव वाढल्याचे दिसले नाही. उलट ज्यांची नाळ लवकर बांधली गेली, त्या बाळांत तीन ते सहा महिन्यांच्या वयात लोहाची कमतरता दुपटीहून अधिक होती. त्याआधीच, २०१२ मध्ये, जागतिक आरोग्य संघटनेने एक ते तीन मिनिटे थांबण्याची शिफारस केली होती. इंजेक्शन मात्र आईला वेळेवरच द्यावयाचे असते. नाळ धडधडत असली तरी त्यास अडथळा नाही.

आपल्याला अधिक जवळची वाटावी अशी चाचणी नेपाळात झाली. तीत ५४० बाळांची एक मिनिट आणि तीन मिनिटे अशी तुलना केली गेली. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार आठ महिन्यांच्या वयात पहिल्या गटातील ८२ टक्के, तर दुसऱ्या गटातील ७३ टक्के बाळांना रक्तक्षय होता. दोन मिनिटांनी रक्तक्षय नाहीसा होत नाही, हे या आकड्यांवरून उघड आहे. पण विनाखर्चाच्या उपायाने एवढा फरक पडावा, हे आम्हांस थोडे वाटत नाही.

याची एक दुसरी बाजूही आहे, ती लपविणे योग्य होणार नाही. अधिक रक्त मिळाले म्हणजे तांबड्या पेशी फुटून होणारी कावीळही किंचित वाढते. वर उल्लेखिलेल्या आढाव्यात निळ्या प्रकाशाखाली ठेवावी लागलेली बाळे दर शंभरांत ३ च्या ऐवजी ४ च्या आसपास होती. म्हणून ज्या रुग्णालयाने थांबावयाचे ठरविले, त्याच्याकडे प्रकाशोपचाराची सोय हवी, आणि घरी गेलेल्या बाळाचा रंग पिवळा दिसू लागल्यास नातेवाइकांनी त्याला विनाविलंब परत आणावयास हवे. नुसते उन्हात धरून भागत नाही.

अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या बाबतीत तर प्रश्न लोहाचा नसून प्राणांचाच आहे. जगभरातील चाचण्यांचा एक आढावा २०२३ साली प्रसिद्ध झाला. त्यानुसार नाळ थोडी उशिरा बांधल्याने अशा बाळांचा रुग्णालयातून घरी जाण्यापूर्वीच मृत्यू होण्याची शक्यता सुमारे एक तृतीयांशाने घटते. घाई असल्यास नाळ पिळून रक्त बाळाकडे ढकलावे, असा एक पर्याय सुचविला जाई. परंतु २०१९ च्या एका चाचणीत २८ आठवड्यांपूर्वी जन्मलेल्या बाळांच्या मेंदूत त्यामुळे गंभीर रक्तस्रावाचे प्रमाण अधिक आढळले व चाचणी थांबवावी लागली. इतक्या कोवळ्या जिवांना तो उपाय करू नये, असेच आता मानले जाते.

आणि बाळ रडलेच नाही तर? येथे डॉक्टरांची खरी कसोटी लागते. बाळ पुसून, चोळून श्वास घेऊ लागले तर उत्तम. नाही घेतला, आणि फुग्याने श्वास देण्याची वेळ आली, तर नाळ कापून त्याला उबदार टेबलावर न्यावेच लागते. आईला जोराचा रक्तस्राव होत असेल किंवा वार अकाली सुटली असेल, तरीही थांबता येत नाही. हा निर्णय अर्ध्या-एक मिनिटात होतो. त्या वेळी बाहेर येऊन कोणाची संमती विचारणे शक्य नसते.

एरवी बाळाला कोरडे करून थेट आईच्या छातीवर ठेवतात आणि वर सुती कापड पांघरतात. बाळ वारेच्या पातळीहून उंच ठेवले तर रक्त उलटे वाहील, अशी शंका पूर्वी घेतली जाई. अर्जेंटिनात झालेल्या व २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीने ती दूर केली आहे.

अलीकडे नाळेतील रक्त खासगी पेढीत साठविण्याच्या जाहिराती गर्भवतींपर्यंत पोहोचतात. पेढीसाठी जेवढे अधिक रक्त काढावे, तेवढे बाळाच्या वाट्याचे कमी होते. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ साली खासगी साठवणीची शिफारस करता येत नाही असे म्हटले आहे. घरात एखाद्या भावंडाला विशिष्ट रक्तविकार असेल तर गोष्ट निराळी. तशा कुटुंबांनी सातव्या महिन्यातच डॉक्टरांशी बोलावे, कळा सुरू झाल्यावर नव्हे.