आपला पाऊस आणि देवाची तळी



तळीच्या वरचा उतार सपाट करून वाहनतळासाठी तेथे सिमेंट घालावे, अशी सूचना काही महाजनांनी समितीकडे केली आहे. त्यावर विचार करण्यापूर्वी आपल्या भागाचे ऋतुमान सर्वांनी ध्यानी घ्यावे, यासाठी हा लेखनप्रपंच.

नैऋत्येकडून येणारे बाष्पयुक्त वारे सह्याद्रीस अडून वर चढतात, थंड होतात व पाऊस पडतो. त्यामुळे पेडण्याच्या किनाऱ्यापेक्षा डिचोली-सत्तरीच्या डोंगराळ भागात पाऊस अधिक. गोव्यात वर्षाकाठी सरासरी सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो. त्यातील बहुतेक जून ते सप्टेंबर या चारच महिन्यांत.

आपल्या पूर्वजांनी हा काळ नक्षत्रांनी मोजला. जूनच्या पहिल्या आठवड्याअखेर मृग लागते, सप्टेंबरअखेर हस्त. देवकार्येही ऋतूंस धरूनच आहेत. पावसाने बहरलेल्या रानातील फळे-फुले चतुर्थीच्या माटोळीस लागतात. कार्तिकापासून, पाऊस सरल्यावर, जत्रा सुरू होतात. शिरगावच्या श्री लईराईची जत्रा वैशाख शुद्ध पंचमीस, म्हणजे पावसाच्या तोंडावर भरते.

मग एवढा पाऊस पडूनही वैशाखात विहिरी तळ का गाठतात? आपल्या नद्या आखूड व डोंगरउतार तीव्र; पडलेले पाणी लवकर समुद्रास मिळते. जे उरते ते जांभ्या दगडाच्या सड्यांमुळे. सच्छिद्र जांभा पाणी मुरवून घेतो व पायथ्याशी झरीच्या रूपाने सावकाश सोडतो. देवराईतील पालापाचोळाही वाहते पाणी थोपवून धरतो. आपल्या तळीस येणारे पाणी याच वाटेने येते.

उतारावर सिमेंट पडले की मुरणारे पाणी वाहू लागते. २३ जुलै २०२१ रोजी पेडणे, डिचोली व सत्तरीत आलेला पूर आपल्या स्मरणात आहे. तो अतिवृष्टीचा परिणाम होता, हे खरे. परंतु मुरण्याची जागा जितकी कमी, तितका पावसाळ्यात लोंढा मोठा आणि उन्हाळ्यात झर क्षीण.

वाहनांची अडचण खरी आहे. तथापि त्यासाठी तळीच्या खालच्या बाजूची जागा पाहावी व वरचा उतार झाडांसह तसाच राखावा, असे आम्हांस वाटते. तळीतील गाळ दरवर्षी मृगापूर्वी काढावा व निर्माल्य पाण्यात टाकू नये, ही सर्वांस विनंती. महाजनांनी आपले मत समितीस लेखी कळवावे.

— सचिव, देवस्थान समिती