तापात जस्त जातं कुठे?

ताप चढला की रक्तातलं जस्त उतरतं. तपासणीच्या कागदावरचा घसरलेला आकडा पाहून कुणालाही वाटेल, कमतरता झाली, झिंकची गोळी सुरू करा. पण पुष्कळदा शरीरानेच ते जस्त उचलून आत ठेवलेलं असतं. संसर्गाची चाहूल लागताच इंटरल्युकिन-६ हे निरोप्या प्रथिन यकृताला निरोप देतं, यकृताच्या पेशी ‘झिप-१४’ हे वाहक प्रथिन वाढवतात आणि रक्तातलं जस्त ओढून घेतात. जंतूंनाही जगायला जस्त लागतं. धाड येणार कळल्यावर गावाने धान्य पेवात लपवावं, तसंच हे. न्यूट्रोफिल या पांढऱ्या रक्तपेशी आणखी कडक. त्यांच्यात ठासून भरलेलं कॅलप्रोटेक्टिन हे प्रथिन संसर्गाच्या जागी बाहेर पडतं आणि उरलंसुरलं जस्तही बांधून टाकतं.

जंतू गिळणाऱ्या मॅक्रोफेज पेशींची रीत उलटी. क्षयाचा जंतू गिळला की त्याला कोंडलेल्या पिशवीत त्या जस्त सोडतात, विष म्हणून.

मग या विषापासून पेशी स्वतः कशी वाचते? मार्गोशेस आणि व्हॅली यांनी १९५७ मध्ये घोड्याच्या मूत्रपिंडातून मेटॅलोथायोनिन हे प्रथिन वेगळं केलं. त्याचा एक रेणू जस्ताचे सात अणू गंधकाच्या पकडीत धरतो. पेशीवर ऑक्सिडेशनचा ताण आला की ही पकड सैल पडते आणि जस्त मोकळं होतं. ते ‘एमटीएफ-१’ या प्रथिनाला चिकटतं, आणि ते प्रथिन केंद्रकात मेटॅलोथायोनिनचीच जनुकं चालू करतं. वर्दी देणारं जस्त आणि त्यालाच आवरणारी कुमकही त्याच वर्दीवर येणारी! पेशीच्या कारभारात इतकी देखणी व्यवस्था मला क्वचितच दिसते.

खरी कमतरता कशी असते, हे बिहारमधल्या बक्सरचे डॉ. आनंद प्रसाद यांना १९५८ मध्ये इराणच्या शिराझमध्ये दिसलं. समोरचा रुग्ण २१ वर्षांचा, अंगाने दहा वर्षांच्या मुलाएवढा. खाणं म्हणजे मुख्यतः कोंड्यासकटची रोटी, शिवाय माती खायची सवय. धान्यातलं फायटेट जस्त आतड्यात शोषलं जाऊ देत नाही. (भाकरी आणि डाळींतही ते असतं, भिजवणं, मोड आणणं, आंबवणं यांनी कमी होतं.) असे रुग्ण पंचविशी गाठण्याआधीच, बहुधा संसर्गाने दगावत, असं प्रसादांनी नोंदवलं. कारण पुढे उलगडलं : थायमस ग्रंथीचं थायम्युलिन हे संप्रेरक जस्ताशिवाय निष्क्रिय असतं, संसर्गाशी लढणाऱ्या टी-पेशी नीट तयार होत नाहीत आणि इंटरल्युकिन-२ घटतं.

पण पोटभर खाणाऱ्याने रोज ५० मिलिग्रॅम जस्त घेण्याचं कारण यात कुठेच नाही. कोविडमध्ये अशा गोळ्यांच्या पट्ट्या घरोघरी होत्या. घरीच उपचार घेणाऱ्या रुग्णांवरच्या अमेरिकेतल्या चाचणीत मात्र या मात्रेने आजाराचा काळ लक्षणीय घटला नाही. मोठी मात्रा दीर्घकाळ चालू ठेवली, तर आतड्याच्या पेशींत मेटॅलोथायोनिन वाढतं. त्याची पकड तांब्यावर अधिक घट्ट. त्या पेशी झडताना तांबंही घेऊन जातात. तांबं फार घटलं की न्यूट्रोफिल कमी होतात.

लहान मुलांच्या जुलाबात गोष्ट वेगळी. तिथे जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी २००४ मध्ये सांगितलेली मात्रा अशी होती : ओआरएससोबत रोज २० मिलिग्रॅम, सहा महिन्यांखालच्या बाळाला १०, आणि तेही १० ते १४ दिवस. जुलाब दोन दिवसांत थांबले तरी गोळ्यांचा क्रम पुरा करायचा असतो.