भर दुपारी सोलर बंद का पडतं?

ज्यांच्या छतावर सोलर आहे त्यांच्या घरी गेलात तर हल्ली चहाच्या आधी मोबाईल पुढे येतो. "बघा, आज साडेअकरा युनिट!" फेब्रुवारी २०२४ मध्ये पीएम सूर्यघर योजना आली, एक कोटी घरांचं उद्दिष्ट ठेवलं गेलं, तीन किलोवॅटच्या सिस्टिमला ७८,००० रुपये अनुदान मिळू लागलं आणि हा खेळ गावोगावी पोहोचला. पण तोच आकडा एखाद्या आठवड्यात साडेसातवर आला तर काय करायचं, हे कोणी सांगत नाही. डीलरला फोन केला की उत्तर ठरलेलं असतं, "पॅनल धुवा."

पॅनल धुऊनही आकडा वाढला नाही तर पुढे काय, हे या लेखात सांगायचा प्रयत्न करते. (संपादिकेने बजावलं होतं की इन्व्हर्टरला मराठी शब्द शोध. मी आमच्या तासगावच्या काकांना विचारलं. ते म्हणाले, "इन्व्हेटर." तेव्हा तो विषय तिथेच संपला.)

आधी एक गोंधळ दूर करूया. आपल्याकडे इन्व्हर्टर म्हटलं की बॅटरीवाला डबा डोळ्यांसमोर येतो, लाइट गेल्यावर पंखा चालवणारा. छतावरच्या सोलरचा साधा ग्रिड-टाय इन्व्हर्टर याच्या अगदी उलट वागतो. लाइट गेली की तो स्वतःच बंद होतो, बाहेर कितीही ऊन असलं तरी. कारण खांबावर वायरमन चढलेला असताना आपल्या छतावरून लाइनमध्ये करंट गेला तर त्याच्या जिवाशी खेळ होईल. याला अँटी-आयलंडिंग म्हणतात. म्हणून हा इन्व्हर्टर सतत ग्रिडची नाडी धरून बसलेला असतो. आपल्या देशाच्या नियमांप्रमाणे व्होल्टेज ठरलेल्याच्या ११० टक्क्यांवर गेलं किंवा ८० टक्क्यांखाली आलं, तर त्याने दोन सेकंदांत सुटं व्हायचं. २३० व्होल्टचे ११० टक्के म्हणजे २५३. हा २५३ आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. सुटं झाल्यावर लगेच परत जोडून घ्यायचं नाही, ग्रिड किमान एक मिनिट स्थिर आहे हे बघूनच जोडायचं.

आता कंपनीच्या ॲपकडे वळू. इन्व्हर्टरला खाली एक वाय-फायचा डोंगल लावलेला असतो. तो माहिती कंपनीच्या सर्व्हरवर पाठवतो आणि तिथून ती आपल्या मोबाईलवर येते, म्हणजे छतावरून माजघरात यायला ती जगप्रदक्षिणा करते. शिवाय बरेच डोंगल दर पाच मिनिटांनीच एक आकडा पाठवतात. मधल्या चार मिनिटांत इन्व्हर्टर पडून उठला तर आलेखावर फक्त एक छोटा खळगा दिसतो, आणि बघणाऱ्याला वाटतं की ढग आला असेल. सुरक्षेचा प्रश्न आहे तो वेगळाच. मार्च २०२५ मध्ये फोरस्काउट या संस्थेच्या संशोधकांनी तीन मोठ्या सोलर कंपन्यांच्या यंत्रणांमधल्या ४६ त्रुटी जाहीर केल्या होत्या, त्यातल्या काही थेट या क्लाउडच्या बाजूच्या होत्या.

मला म्हणून दुसरा रस्ता आवडतो. इन्व्हर्टरकडूनच, घरातल्या घरात, माहिती घ्यायची. बहुतेक इन्व्हर्टरला आरएस-४८५ चं पोर्ट असतं आणि तिथे भाषा चालते मॉडबसची. मॉडबस म्हणजे १९७९ साली मॉडिकॉन कंपनीने कारखान्यांसाठी काढलेला प्रोटोकॉल, आपल्या सगळ्यांपेक्षा वयाने मोठा! नियम वर्गासारखाच आहे: मास्तर एकच. तो विचारेल तेव्हाच बाकीच्यांनी बोलायचं. त्यामुळे एकाच तारेवर डोंगलही मास्तर आणि आपणही मास्तर असं चालत नाही, दोघांचीही उत्तरं बिघडतात. आधी दुसरं पोर्ट मोकळं आहे का ते बघा.

वायर दोनच, ए आणि बी. रिसीव्हर त्या दोघींमधला फरक मोजतो, त्यामुळे बाहेरचा नॉइज दोन्हींवर सारखा आला की आपोआप वजा होतो. गंमत अशी की ए कुठली आणि बी कुठली यावर कंपन्यांचं एकमत नाही. काहीच उत्तर आलं नाही तर प्रथम या दोन वायरींची अदलाबदल करून बघा, कॉम्प्युटरला शिव्या नंतर द्या.

उत्तर येतं ते रजिस्टरच्या रूपात, एकेक १६ बिटचं. व्होल्टेजच्या रजिस्टरमध्ये २५३४ दिसलं तर ते २५३.४ व्होल्ट, दशांश आपण द्यायचा. ग्रिडच्या पॉवरमध्ये एकदम ६५४३६ दिसलं तर तुमच्या घरातून ६५ किलोवॅट वाहत नाहीत. ती आकडेमोड चिन्हासकट वाचली की उणे १०० निघते. एकूण युनिटसारखे मोठे आकडे दोन रजिस्टरांत विभागलेले असतात, आणि त्यांचा क्रम उलटा धरला की उत्तर अब्जावधीत जातं. कागदावर पत्ता ४०००१ लिहिलेला असतो आणि प्रत्यक्षात विचारायचा असतो शून्य! डिजिटलच्या तासाला टू'ज कॉम्प्लिमेंट कशाला शिकवतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी एकदा हे करून बघावं.

ही माहिती साठवायला आणि दाखवायला मी होम असिस्टंट वापरलं. पॉलस स्काउटसेन नावाच्या माणसाने २०१३ मध्ये पायथनमध्ये सुरू केलेलं हे फुकट आणि ओपन सोर्स सॉफ्टवेअर आहे. रास्पबेरी पायवर चालतं, जुन्या लॅपटॉपवरही चालतं. २०२१ पासून त्यात घराच्या विजेचा हिशोब दाखवणारं वेगळं पानच आहे. त्याचं इन्स्टॉलेशन कसं करायचं हे इथे लिहीत बसत नाही, ते कुठेही सापडेल. एकच सूचना करते: बारीक नोंदी ते मुळात दहाच दिवस ठेवतं, पुढे फक्त तासाची सरासरी राहते. फॉल्ट शोधायचा असेल तर ही मुदत आधी वाढवून घ्या, नाहीतर ऐन वेळी पुरावाच नाहीसा.

आता मूळ गोष्ट. काकांचं घर मळ्यात आहे, विजेच्या लाइनच्या अगदी टोकाला. तीन किलोवॅटची सिस्टिम, ५४० वॉटची सहा पॅनल. अशा सिस्टिमने किलोवॅटला चार या हिशोबाने दिवसाला बारा युनिट द्यायला हवीत, आणि पहिले काही महिने दिलीसुद्धा. मग एप्रिलमध्ये, म्हणजे कडक उन्हात, आठ-साडेआठवर आली. बँकेचा हप्ता चालू आणि वर बिलही येऊ लागलं. डीलर गावातलाच एक तरुण मुलगा. काकांची खात्री झाली की त्याने हलका माल दिला, आणि त्याचे शेवटचे दहा हजार रुपये त्यांनी अडवून ठेवले. तो मुलगा दोनदा येऊन पॅनल धुऊन गेला. बोलणं बंद व्हायची वेळ आली होती.

आम्ही दर दहा सेकंदांनी वाचन सुरू केलं आणि दुसऱ्याच दिवशी चित्र स्पष्ट झालं. अकरापर्यंत सगळं व्यवस्थित. मग व्होल्टेज चढत चढत २५३ ओलांडायचं आणि पॉवर अडीच किलोवॅटवरून धाडकन शून्यावर. थोड्या वेळाने परत जोडलं जायचं, हळूहळू चढायचं आणि परत पडायचं. तीन वाजेपर्यंत हा लपंडाव. म्हणजे सोलर ऊन कमी म्हणून नव्हे, ऊन जास्त म्हणून बंद पडत होतं!

असं का होतं? करंट घरातून खांबाकडे जायचा तर घराचं व्होल्टेज खांबापेक्षा जास्त असायला हवं. किती जास्त, ते मधल्या रेझिस्टन्सवर ठरतं. साधा ओहमचा नियम, बारावीचा. आणि तो रेझिस्टन्स मोजायला वेगळं काही करावं लागलंच नाही, कारण इन्व्हर्टर पडताना आपणहून प्रयोग करून दाखवत होता. पडण्याआधी २५४ व्होल्ट, पडल्यावर लगेच २४४. फरक दहा व्होल्ट. अडीच किलोवॅटला करंट जवळजवळ दहा अँपिअर. दहा भागिले दहा, एक ओहम.

एक ओहम ऐकायला किरकोळ वाटतो. पण खांबापासून घर तीस मीटर, म्हणजे जाऊन-येऊन साठ मीटर वायर. सहा स्क्वेअर एमएमच्या ॲल्युमिनियमला किलोमीटरला साधारण ४.६ ओहम धरले तर साठ मीटरचे होतात ०.२८. पुढची लाइन आणि ट्रान्सफॉर्मर यांचं मिळून थोडं उदार मनाने धरलं तरी अर्ध्या ओहमपर्यंत पोहोचतं. उरलेला अर्धा ओहम कुठून आला?

काकांचं म्हणणं, डीलरने इन्व्हर्टरची केबल बारीक टाकली. शंका रास्त होती, पण तपासता येण्यासारखी होती. ग्रिड-टाय इन्व्हर्टर रात्री झोपतो आणि होम असिस्टंटमध्ये नुसतं 'अनअव्हेलेबल' दिसतं, म्हणून मेन बोर्डात पीझेम-००४टी नावाचं छोटं मीटर इलेक्ट्रिशियनकडून बसवून घेतलं. हे स्वस्त मॉड्यूल व्होल्टेज आणि करंट मोजतं, वीज आत येतेय की बाहेर जातेय ते मात्र त्याला कळत नाही. पण रात्री सोलर बंदच असतं, त्यामुळे चाललं. पहाटे साडेपाचला काकूंनी गीझर लावला. २३७ वरून २२९. दोन किलोवॅटचा गीझर साधारण ८.७ अँपिअर घेतो, आठ भागिले ८.७ म्हणजे ०.९२ ओहम. दिवसाचं उत्तर आणि पहाटेचं उत्तर जवळपास एकच. आणि गीझरचा करंट इन्व्हर्टरच्या केबलमधून जातच नाही! म्हणजे दोष दोघांच्या सामाईक वाटेवर होता: मेन बोर्डाच्या पुढे, मीटर, सर्व्हिस वायर किंवा खांब. डीलरचा मुलगा सुटला.

हे नुसतं युनिटच्या नुकसानीवर भागत नाही. दहा अँपिअर वाहत असताना अर्ध्या ओहमच्या जोडावर आय स्क्वेअर आर म्हणजे पन्नास वॉट उष्णता तयार होते. आपल्या लॅबमधली सोल्डरिंग आयर्न २५ वॉटची असते. तशा दोन, एका जोडाला चिकटवून भर दुपारी तासन् तास चालू ठेवल्यासारखं. आणि त्या खांबाखालीच काकांची कडब्याची गंजी रचलेली होती. मी आकडा सांगितल्यावर काका एक शब्द बोलले नाहीत, उठून गंजी हलवायला माणसं बोलावली.

वीज कंपनीच्या वायरमनकाकांना आलेख दाखवला तेव्हा ते आधी हसले. "पोरी, व्होल्टेज जास्त असेल तर ट्रान्सफॉर्मरचं बघावं लागेल." त्यांचंही चूक नव्हतं, अनेक ठिकाणी खरंच ट्रान्सफॉर्मरचं टॅप जास्त ठेवलेलं असतं. पण तसं असेल तर व्होल्टेज दिवसरात्र चढं राहील, गीझर लावल्यावर आठ व्होल्टने कोसळणार नाही. ते लाइन बंद करून खांबावर चढले. न्यूट्रलचा जोड काळा पडला होता, तांब्याची वायर ॲल्युमिनियमला नुसती पिळून गुंडाळलेली. हे दोन धातू असे थेट जोडले की ओलाव्यात गंजतात आणि रेझिस्टन्स वाढत जातो. त्यांनी तो भाग कापून बायमेटॅलिक कनेक्टर लावला. संध्याकाळच्या गीझरला मोजलं तर साडेतीन-चार व्होल्टचीच घट. दुसऱ्या दिवशी बारा युनिट. दहा हजार त्याच आठवड्यात पोहोचते झाले, सोबत द्राक्षांची पेटीही.

प्रत्येक घरात हाच दोष असेल असं नाही, पण आलेखाचा आकार बघून बरंच कळतं. धुळीने करंट कमी होतो, डीसी व्होल्टेज फारसं हलत नाही. सावलीने मात्र व्होल्टेज पायरीपायरीने पडतं, कारण एका पॅनलमध्ये सहसा तीन बायपास डायोड असतात आणि सावलीत आलेला एकतृतीयांश भाग वगळला जातो. ४१ व्होल्टच्या पॅनलला ही पायरी तेरा-चौदा व्होल्टची. रोज ठरावीक वेळी येऊन जाणारी पायरी म्हणजे नारळाचं झाड किंवा पाण्याची टाकी, आणि दिवसभर टिकणारी पायरी म्हणजे डायोड गेला असण्याची शक्यता. उन्हाळ्यात डीसी व्होल्टेज थोडं कमी दिसलं तर घाबरू नका, पॅनल तापलं की ते उतरणारच.

पावसाळ्याची तक्रार आणखी वेगळी. सकाळी इन्व्हर्टर सुरूच होत नाही, 'आयसोलेशन फॉल्ट' दाखवतो आणि अकराच्या सुमारास शहाण्यासारखा चालू होतो. चालू होण्याआधी तो पॅनलच्या वायरी आणि अर्थिंग यांच्यातलं इन्सुलेशन तपासतो. कनेक्टरमध्ये पाणी गेलं असेल किंवा वायर पत्र्याला घासली असेल तर ओल्या सकाळी तपासणी नापास आणि ऊन लागून वाळल्यावर पास. होम असिस्टंटमध्ये हवेतल्या आर्द्रतेचा आलेख शेजारी ठेवला की ही जोडी लगेच दिसते. दुपारी येऊन "सगळं ठीक आहे" म्हणणाऱ्या मेकॅनिकला मग सकाळी साडेसातला बोलवायचं.

काकांकडे आता दोन ऑटोमेशन आहेत. दिवसा ढगाचं कारण नसताना दहा मिनिटांत दोनदा पॉवर शून्य झाली तर मोबाईलवर मेसेज. आणि गीझर लागल्यावर व्होल्टेज सहापेक्षा जास्त पडलं तरी मेसेज. दुसरा काकूंच्या मोबाईलवर जातो, कारण त्या वेळी जाग त्यांनाच असते.

हे वाचून कोणी स्क्रूड्रायव्हर घेऊन उठणार असेल तर थांबा. आरएस-४८५ च्या दोन वायरींपर्यंत ठीक आहे. एसीचं काम लायसन्सवाल्या माणसाकडून करून घ्या. डीसीच्या कनेक्टरला तर करंट चालू असताना हातच लावू नका. सहा पॅनलचे अडीचशे व्होल्ट मेन स्विच पाडल्यानेही जात नाहीत, ऊन आहे तोवर ते तिथे असतातच, आणि चालू करंटवर तो कनेक्टर ओढला तर पडणारी ठिणगी एसीसारखी आपणहून विझत नाही.