कार्डावर नसलेला प्रश्न

कर्जतचं उपजिल्हा रुग्णालय असो की खालापूर तालुक्यातलं चौकचं ग्रामीण रुग्णालय, महिन्याची ९ तारीख गरोदर बायकांची. २०१६पासून प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात देशभर हाच दिवस तपासणीसाठी ठरलेला आहे. वजन, रक्तदाब, हिमोग्लोबिन, साखर, एचआयव्ही, सिफिलिस असे माता-बाल सुरक्षा कार्डावरचे रकाने भरत जातात. जननेंद्रियाच्या हर्पिसचा रकाना त्यात नाही. त्यात सरकारची हयगय नाही. हर्पिसच्या रक्ततपासणीतून विषाणू कधीतरी अंगात शिरला एवढंच समजतं. कधी आणि कुठे, ते समजत नाही. म्हणून जगात बहुतेक ठिकाणी सरसकट तपासणी करत नाहीत. हा आजार कळतो तो डोळ्यांनी बघून आणि बाईने तोंडाने सांगून. आपल्याकडे नेमकं तेच होत नाही.

विषाणू दोन प्रकारचा. पहिला बहुतेकदा ओठाच्या कडेला फोड आणतो, दुसरा कमरेखाली. पण मुखमैथुनातून पहिलाही खाली पोचतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने १५ ते ४९ वयाच्या सुमारे ५२ कोटी लोकांच्या अंगात दुसरा प्रकार आहे. म्हणजे हा काही कुणा 'तसल्या' माणसांचा आजार नव्हे. आधी खाज किंवा मुंग्या, मग पाण्याने भरलेले बारीक फोड, ते फुटले की चटका देणारे व्रण, लघवीला आग, जांघेत गाठी. काही दिवसांत सगळं सुकतं. विषाणू मात्र मणक्याच्या खालच्या टोकाशी मज्जातंतूंच्या मुळात दडून राहतो आणि ताप, दगदग, पाळी असं काही निमित्त झालं की पुन्हा वर येतो. अनेकांना तर काहीच जाणवत नाही. आपण जिला नागीण म्हणतो ती वेगळी. ती कांजिण्यांच्या विषाणूची.

गरोदरपणाचा हिशेब इथे उलटा लागतो. जिला वर्षानुवर्षं अधूनमधून फोड येतात ती घाबरून असते, आणि तिच्या बाळाला धोका सर्वांत कमी. तिच्या रक्तात तयार झालेली प्रतिपिंडं वारेतून बाळाला मिळालेली असतात. बाळंतपणाच्या वेळी फोड पुन्हा उठलेले असले तरी नैसर्गिक प्रसूतीत बाळाला लागण होते ती शंभरात एक ते तीन वेळा. खरा घात होतो तो विषाणू शेवटच्या तीन महिन्यांत पहिल्यांदा अंगात शिरला तर. प्रतिपिंडं तयार व्हायला वेळच मिळत नाही, आणि प्रसूतीच्या सुमारास लागण झाली असेल तर हे प्रमाण शंभरात ३० ते ५०वर जातं. म्हणून नवऱ्याला कधी असे फोड आले असतील आणि बायकोला नसतील, तर सातव्या महिन्यापासून संबंध बंद ठेवणं उत्तम. हे बायकोला नव्हे, नवऱ्याला बसवून सांगायला हवं. ९ तारखेला तो बहुधा दवाखान्याबाहेर मोटारसायकलवर बसलेला असतो.

घरात भांडण पेटतं ते 'आलं कुठून' यावरून. पहिला फोड दिसतो तेव्हाच लागण झाली, असं नसतं. ती महिन्यांपूर्वी, वर्षांपूर्वी, लग्नाआधीही झालेली असू शकते. फोड म्हणजे बदफैलीपणाचा पुरावा नव्हे. हे सासूच्याही कानावर घालावं.

न सांगण्याची सवय किती खोल आहे, ते डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी १९८९मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापलेल्या अभ्यासाने दाखवलं. गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन गावांत ६५० बायका तपासल्या. ९२ टक्के बायकांना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार निघाला, आणि यापूर्वी त्यासाठी तपासून घेतलेल्या होत्या अवघ्या ८ टक्के. अभ्यास हर्पिसचा नव्हता, पण अंगावर काढण्याचा होता, आणि ते दुखणं गडचिरोलीपुरतं कधीच नव्हतं.

सांगितलं तर करण्यासारखं पुष्कळ आहे. लैंगिक आजारांसाठी सरकारी दवाखान्यांत रंगांनुसार औषधांची पाकिटं ठरलेली आहेत. हर्पिसचं पाकीट लाल, आत असायक्लोव्हिर. या औषधामागच्या संशोधनाचं नेतृत्व करणाऱ्या गर्ट्रूड एलियन यांना १९८८चं नोबेल विभागून मिळालं. हे औषध विषाणूला हुसकत नाही, त्याची वाढ थोपवतं. गरोदरपणात वापराचा अनुभव दीर्घ आणि दिलासादायक आहे. आधीपासून त्रास असलेल्या बाईला डॉक्टर साधारण ३६व्या आठवड्यापासून ४०० मिलिग्रॅमची गोळी दिवसातून तीनदा देतात, म्हणजे कळांच्या वेळी फोड असण्याची शक्यता घटते. कळा सुरू झाल्यावर फोड किंवा पूर्वखुणेची आग असेल, किंवा पहिली लागण शेवटच्या तीन महिन्यांतली असेल, तर सिझर करतात. एरवी नुसता हर्पिस होऊन गेला म्हणून सिझर लागत नाही. पाणी गेलं तर मात्र घरी थांबायचं नाही, आणि १०८च्या गाडीत बसतानाच फोडांचं सांगायचं. सरकारी रुग्णालयात सिझरही जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमात मोफत होतं.

बाळाला होणारा हर्पिस दुर्मीळ आहे. जगात वर्षाला सुमारे १४ हजार बाळं, असा अंदाज आहे. पण विषाणू शरीरभर पसरला आणि उपचार झाला नाही तर शंभरातली ८५ दगावतात. शिरेतून असायक्लोव्हिर दिलं तर हे प्रमाण तिसाच्या आसपास उतरतं. औषध १४ ते २१ दिवस चालतं. फोड दिसतीलच असं नाही. पहिल्या चार आठवड्यांत बाळ दूध ओढेनासं झालं, मलूल पडलं, तापलं किंवा गार लागलं, झटके आले, तर 'उष्णता' म्हणून थांबू नये. आईने दूध पाजावं. स्तनावर फोड असेल तेवढी बाजू टाळावी. बारशाला येणाऱ्या आत्या-मावश्यांपैकी कुणाच्या ओठावर फोड असेल तर तिने बाळाचा पापा घेऊ नये, मग ती कितीही रुसो.

घरी येणाऱ्या आशाताईच्या भेटी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी ठरलेल्या आहेत. ही पद्धतही बंग दांपत्याच्या गडचिरोलीतल्या कामातूनच आली, आणि नवजात हर्पिस बहुधा डोकं काढतो तो याच दिवसांत. अडचण आहे ती कातकरी वाड्यांची. दिवाळी झाली की कुटुंबंच्या कुटुंबं वीटभट्ट्यांवर जातात ती पावसाच्या तोंडावर परततात. आठवा-नववा महिना आणि बाळाचे पहिले दिवस भट्टीवरच्या झोपडीत जातात, आणि वाडीच्या आशाताईच्या वहीतलं नाव वाडीतच राहतं. निघताना कार्ड बरोबर घ्यावं, आणि भट्टी ज्या गावच्या हद्दीत आहे तिथल्या आशाताईच्या यादीत पोचल्याबरोबर नाव लावून घ्यावं. ते काम मुकादमाने केलं तरी चालेल. उचल देताना तो नावं लिहितोच.