मूठभर खडी

पिट्सबर्ग विद्यापीठाची 'कॅथेड्रल ऑफ लर्निंग' ही ४२ मजली दगडी इमारत लेकीने मला दाखवली, ती तिथल्या नालंदाच्या धर्तीवर सजवलेल्या भारतीय दालनासाठी. दालन पाहून बाहेर आलो, तर समोरच्या हिरवळीवर आठ-दहा माणसे दुर्बिणी घेऊन माना वर करून उभी होती. "बाबा, वर चाळिसाव्या मजल्यावर ससाण्याचं घर आहे," लेक म्हणाली. मे महिना संपत आला होता. पुढचे तीन आठवडे मी रोज त्या हिरवळीवर जात राहिलो.

हा बहिरी ससाणा. नावाचा कानाशी संबंध नाही. आपल्याकडच्या शिकारबाजांच्या बोलीत मादी ती बहिरी, आणि तिच्याहून सुमारे एक तृतीयांशाने लहान असलेला नर तो बहिरी बच्चा. सूर मारताना त्याचा वेग ताशी ३०० किलोमीटरच्या पुढे जातो. तो काड्या गोळा करून घरटे बांधत नाही. कड्याच्या कपारीतल्या मातीत किंवा बारीक खडीत छाती घासून उथळ खळगा करतो आणि मादी त्यात तीन-चार अंडी घालते. उंच इमारत त्याच्या लेखी कडाच असते, आणि खाली कबुतरांची ददात नसते. अडचण एकच. इमारतीच्या सज्जावर खडी नसते. गुळगुळीत दगडावर अंडे घरंगळते, पाऊस साचला तर गार पडते. म्हणून माणसांनी तिथे खडी भरलेली एक उथळ पेटी ठेवली. २००२ पासून तिथे वीण होत आली आहे.

मी पाहिली त्या मादीचे नाव डोरोथी. पायातल्या कड्यावरून तिचा जन्म १९९९ मधला, मिलवॉकी शहरातला, तोही एका इमारतीवरचा, हे ठाऊक होते. दोघेही आळीपाळीने सुमारे ३३ दिवस अंडी उबवतात. हिरवळीवर रोज येणाऱ्या एक निवृत्त परिचारिका मला म्हणाल्या, "अंड्यांजवळ चालताना ती नख्या आत घेऊन मूठ वळते. अंड्याला ओरखडा नको म्हणून." कबुतराचा हवेत जीव घेणारा तो पाय मी मग वेगळ्या नजरेने पाहू लागलो.

पण साठच्या दशकाच्या मध्यापर्यंत अमेरिकेत मिसिसिपी नदीच्या पूर्वेला या पक्ष्याचे एकही नांदते घरटे उरले नव्हते. कारण उलगडले ब्रिटनमध्ये, आणि तेही उलट्या बाजूने. शर्यतीची कबुतरे पाळणाऱ्यांची तक्रार होती की ससाणे फार माजले आहेत. त्यावरून १९६१ साली डेरेक रॅटक्लिफ यांच्या देखरेखीखाली गणना सुरू झाली, तेव्हा दिसले की ससाणेच नाहीसे होत आहेत. काही घरट्यांत फुटकी अंडी सापडत होती. रॅटक्लिफ यांनी छंदिष्टांनी जमवलेल्या जुन्या अंड्यांची टरफले तोलली. चाळिशीच्या दशकाच्या उत्तरार्धापासून ती एकाएकी हलकी झाली होती. डीडीटी शेतात फवारले जाई, किड्यांतून लहान पक्ष्यांत आणि त्यांच्यातून ससाण्यात साठत जाई. त्यापासून बनणारे डीडीई टरफलात कॅल्शियम नीट बसू देत नसे. उबवायला बसलेल्या आईच्याच वजनाने अंडे पिचत होते. रॅटक्लिफ यांचा निबंध १९६७ साली प्रसिद्ध झाला.

अमेरिकेने १९७२ मध्ये डीडीटीवर बंदी घातली. त्याआधीच, १९७० मध्ये, कॉर्नेल विद्यापीठातले टॉम केड यांनी 'पेरेग्रीन फंड' उभा केला होता. पिंजऱ्यात वाढवलेली पिल्ले उंच जागी ठेवायची, माणूस न दिसता अन्न द्यायचे आणि ती आपणहून उडून शिकार करू लागेपर्यंत थांबायचे, ही शिकारबाजांची जुनी रीत त्यांनी वापरली. अशी चार हजारांहून अधिक पिल्ले सोडली गेली. १९९९ मध्ये बहिरी अमेरिकेच्या संकटग्रस्त यादीतून बाहेर आला.

जूनच्या पहिल्या आठवड्यात एका दुपारी एक पिल्लू सज्जावरून झेपावले, वाऱ्यात हेलपाटले आणि थेट रस्त्याकडेच्या फरसबंदीवर उतरले. पंखांत बळ नसलेल्या पिल्लाला जमिनीवरून उठता येत नाही. बाई हात आडवा करून गाड्यांपुढे उभ्या राहिल्या. कोणीतरी अंगातला कोट काढून दिला. वन्यजीव खात्याचा माणूस येईपर्यंत आम्ही पाऊण तास त्या कोटाभोवती कडे करून उभे होतो. त्याने पिल्लू तपासले आणि एका उंच गच्चीवर नेऊन ठेवले. संध्याकाळी डोरोथी तिथे भक्ष्य घेऊन उतरली.

त्या रात्री मला आमचे कोकणातले घर आठवले. माझ्या लहानपणी डीडीटीवाले येत, भिंती फवारत आणि गेरूने भिंतीवर तारीख लिहून जात. धाकटा काका हिवतापाने गेला होता, त्यामुळे आजी त्यांना चहा दिल्याशिवाय सोडत नसे. ती चुकत नव्हती. घराच्या भिंतीवर मारलेले औषध आणि शेतांवर ओतलेले औषध यांच्या मापात फार अंतर होते, आणि नुकसान मुख्यतः शेतांवरच्या फवाऱ्यातून झाले. भारतानेही १९८९ मध्ये शेतीसाठी डीडीटी थांबवले आणि रोगवाहक कीटकांसाठीच ठेवले.

आता दिवाळीनंतर उत्तरेकडचे बहिरी मुंबई-पुण्यात येतील. उंच इमारतींच्या माथ्यावर, मनोऱ्यांवर ते दिसतात आणि उन्हाळ्याआधी परत जातात. त्यांचा आपल्याकडचा भाऊबंद शाहीन मात्र सह्याद्रीच्या कड्यांवर इथेच वीण करतो. त्याच्या कपारीत खडी नेऊन ठेवायची गरज नाही. विणीच्या दिवसांत त्या कड्यावर दोर टाकू नये, एवढेच आपल्याकडून हवे आहे.