गाडीचा विमा आणि डिकीतले गठ्ठे

कट्ट्याच्या बाजारपेठेत आता पुष्कळ दुकानदारांपाशी स्वतःची मोटार आहे. विमा आहे का, असे विचारले तर प्रत्येकजण "आहे तर" म्हणतो. कोणता, असे विचारले की गाडी अडते. आम्हीही गेल्या वर्षापर्यंत त्यांतलेच होतो.

१९८८ च्या मोटार वाहन कायद्याने सक्ती आहे ती फक्त थर्ड पार्टी विम्याची. थर्ड पार्टी म्हणजे आपली गाडी ज्याला लागली तो: पादचारी, सायकलवाला, समोरची रिक्षा. त्याच्या जिवाची किंवा दुखापतीची भरपाई न्यायाधिकरण ठरवील ती कंपनी देते. मालमत्तेच्या नुकसानीला साडेसात लाखांची मर्यादा असते. हा विमा नसेल तर २०१९ च्या दुरुस्तीपासून पहिल्या वेळी २,००० रुपये, पुन्हा सापडल्यास ४,००० रुपये दंड आणि तीन महिन्यांपर्यंत कैदही होऊ शकते. नव्या मोटारीला सप्टेंबर २०१८ पासून हा विमा एकदम तीन वर्षांचा मिळतो. सोय चांगली, पण चौथ्या वर्षी नेमका विसर पडतो.

या कागदाने पोलीस समाधानी होतात. आपली गाडी मात्र कसालच्या वळणावर झाडावर गेली तर एक पैसा मिळत नाही. त्याहून मोठी गफलत गाडीत बसलेल्यांबाबत होते. फुकट बसवून नेलेला शेजारी किंवा भाचा या सक्तीच्या विम्यात येत नाही. सुप्रीम कोर्टाने २००६ साली स्कूटरवर मागे बसलेल्याच्या खटल्यात हेच सांगितले. पॅकेज पॉलिसीत गाडीतली माणसे येतात. आपल्या गाडीची मोडतोड, चोरी, आग, पूर हेही त्यातच. तरी प्लास्टिक व रबराच्या भागांची निम्मीच किंमत धरतात, आणि पाण्यात बंद पडलेले इंजिन पुन्हा चालू करायला जाऊन बिघडले तर ती भरपाई वेगळी पुरवणी घेतल्याशिवाय सहसा मिळत नाही. आपल्या पावसात हे ध्यानात ठेवावे.

आता व्यापाऱ्यांची गोष्ट. ईदच्या आधी आम्ही कोल्हापूरहून मोटारीत कापडाचे गठ्ठे भरून आणत होतो. घाटात गाडी घसरली, पत्रा चेपला. पॅकेज पॉलिसी होती म्हणून आम्ही बेफिकीर. सर्व्हेअरने पहिलाच प्रश्न केला, "डिकीत काय होते?" खाजगी मोटारीच्या पॉलिसीत वापराची मर्यादा लिहिलेली असते: भाड्याने द्यायची नाही; नमुने व स्वतःचे सामान सोडून माल न्यायचा नाही. आमचा दावा नामंजूर झाला. रागावलो, पण कागद आमच्या विरुद्ध होता. तारकर्लीच्या पर्यटकांना घरची गाडी भाड्याने देणाऱ्यांनाही हीच अट लागते.

मालासाठी टेम्पो करावा. पण टेम्पोच्या विम्यात टेम्पो येतो, आतले कापड नाही. त्याला माल वाहतुकीचा वेगळा विमा लागतो.

जुनी गाडी घेणाऱ्यांनी खरेदीपासून चौदा दिवसांत पॉलिसी आपल्या नावावर करण्याचा अर्ज कंपनीकडे द्यावा. थर्ड पार्टी आपोआप आपल्याकडे येते, पण गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा भाग अर्जाशिवाय येत नाही.

विमा जायज आहे का, हा सवाल आमच्या बांधवांत निघतोच. कायद्याने भाग पाडलेला विमा मजबुरी म्हणून घेण्यास अनेक उलमांनी मुभा दिली आहे. पॅकेजबाबत मतभेद आहेत. आपापल्या आलिमांना विचारावे, आणि विचारायला जाताना पॉलिसीचा कागद सोबत न्यावा.